पाच देशांच्या दारात करकरणारी चप्पल

समस्त करवीरवासीयांना, शेजारच्या निपाणीकरांना आणि ज्यांना ज्यांना म्हणून पायात काही घालायची सवय आहे अशा सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमचे मेहुणे सर्जेराव यांची कोल्हापुरी चप्पल रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किर्गिझस्तान या पाच देशांच्या आर्थिक संघात दाखल झाली असून, या घटनेमुळे जगाच्या अर्थव्यवस्थेत कसलाही फरक पडलेला नाही. तरी नागरिकांनी घाबरून जाऊ नये. फरक पडला तो आमच्या घरात, आणि तो कसा पडला हे सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. सोबत माईकवर बोलतो. कुस्तीचं मैदान असो, बारसं असो की निरोपसमारंभ, मला माईक द्या आणि बाजूला व्हा. सर्जेराव माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा चपलांचा कारखाना आहे आणि त्याला परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. म्हणून बायकोनं फर्मान काढलं, "तुमी जावा त्याच्यासंगं. हितं नुसती बडबड करताय, तिकडं जरा कामाला येईल."

## कोल्हापूर

आधी करकरणारी चप्पल म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडं जुन्या काळी मोठा माणूस येतोय हे त्याच्या तोंडाआधी त्याच्या पायानं सांगायचं. चप्पल दर पावलाला कर्र, कर्र अशी वाजायची. हा आवाज आपोआप येत नाही, तो मुद्दाम करावा लागतो. सर्जेरावच्या कारखान्यात तळाच्या दोन थरांमध्ये एका रानटी झुडपाच्या बिया भरतात. त्या किती भरायच्या, कुठं भरायच्या, हे सगळं महादूमामांच्या हातात. महादूमामा म्हणजे त्याच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर. त्यांच्या हाताखाली दोन बायका हेच काम शिकल्यात.

पण आता गिऱ्हाईक हलकी, मऊ, मुकी चप्पल मागतं. फ्लॅटमध्ये वाजणारी चप्पल घालून फिरलं की खालच्या मजल्यावरचा माणूस वर येतो, आणि तो मुजरा करायला येत नाही. सर्जेरावनं मनाशी ठरवलं होतं, या हंगामात वाजणाऱ्या चपलेला बाहेर मागणी आली नाही तर महादूमामांचा पाट, म्हणजे त्यांची कामाची बैठक, बंद करायचा. त्याला हे त्यांना सांगायचं नव्हतं. सांगायची वेळ येऊ नये एवढ्यासाठी तो विमानात बसला.

बोलावणं आलं होतं किर्गिझस्तानातून. तिथल्या गुलनारा नावाच्या व्यापारीण बाईंनी दिल्लीच्या प्रदर्शनात सर्जेरावची एक साधी चप्पल घेतली होती. त्या म्हणाल्या, नमुने घेऊन या, पसंत पडले तर पुढच्या उन्हाळ्याच्या मालाची ऑर्डर देते. त्यांनी साध्या चपला मागितल्या होत्या. सर्जेरावनं बॅगेत साधे दोन जोड टाकले आणि बाकी सगळी बॅग वाजणाऱ्या जोडांनी भरली.

"अरे, बाईंनी साध्या मागितल्यात."

"दाजी, पावण्यानं चटणी-भाकरी मागितली म्हणून काय चटणी-भाकरीच वाढतोय व्हय आपण?"

मी बॅगेची चेन लावली.

## बिश्केक

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, उतरलो. बिश्केकच्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. त्यानं एक चप्पल उचलून वाकवली. कर्र. त्यानं आमच्याकडं बघितलं. परत वाकवली. कर्र. त्यानं शेजारच्याला बोलावलं, त्यानं दुसरी उचलली. मग दोघे गंभीर चेहऱ्यानं आळीपाळीनं वाजवत बसले, मागं रांग वाढत गेली. शेवटी एकजण खुदकन हसला आणि आम्ही सुटलो. सर्जेराव माझ्या कानात म्हणाला, "बघितलासा? आवडली."

शहर डोळ्यांत भरणारं. भर उन्हाळ्यात दक्षिणेला बर्फाचे डोंगर, आणि रस्त्याच्या कडेनं झाडांच्या मुळाशी खळखळ वाहणारे पाट. आपल्याकडं शेताला पाणी देतात तसं तिथं अख्ख्या शहराला पाटानं पाणी देतात. एवढं ऊन, एवढं थंड पाणी, आणि एकही माणूस त्यात म्हैस धूत नव्हता. मला जरा चुकल्यासारखं झालं.

उतरलो शोभाक्कांकडं. शोभाक्का मूळच्या कुरुंदवाडच्या. नवऱ्यासोबत इथं आल्या आणि डॉक्टरकी शिकायला आलेल्या आपल्या पोरापोरींसाठी खानावळ काढली. त्यांची रशियन भाषा फर्डी आहे. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्या भाजीवाल्याशी बोलायला लागल्या की वाटायचं, आपण कुरुंदवाडच्या बाजारातच उभे आहोत आणि आता भाजीवाला हरणार. हरायचा.

जेवताना त्यांनीच आम्हाला संघाचा पहिला धडा दिला.

"ह्ये पीठ बघा. कझाकस्तानातनं येतंय. मधी जकात न्हाय, काय न्हाय. आणि ह्यो आपला मसाला. इंडियातनं आणायचा तर पाच देशांची मिळून एकच जकात, ती भरा. म्हंजी भाकरी सस्त, रस्सा म्हाग."

"मग तुम्ही काय करता, अक्का?"

"काय करणार? पोरास्नी सांगतो, भाकरी जास्त खावा."

## डब्यांचा बाजार

गुलनाराबाईंचं दुकान शहराबाहेरच्या मोठ्या बाजारात. शोभाक्का दुभाषी म्हणून सोबत आल्या. हा बाजार म्हणजे जहाजावरचे लोखंडी डबे एकावर एक ठेवून केलेल्या गल्ल्या. खालचा डबा दुकान, वरचा डबा गोदाम. मंडपवाला म्हणून मी मान डोलावली. इतक्या कमी बांबूत इतका मोठा बाजार मी पाहिला नव्हता.

बाई पन्नाशीच्या, रुंद हसणाऱ्या, सोन्याच्या दोन दातांच्या. तिकडं मोठ्या बाईला नावापुढं 'एजे' म्हणतात, म्हणजे आपली ताई, सीमाभागातली अक्का. मी मोठ्यानं "गुलनारा-एजे!" म्हटलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी चहा आणि गोल जाड रोटी पुढं ठेवली. सर्जेरावनं एक तुकडा मोडला आणि उरलेली रोटी पालथी ठेवली. शेजारच्या दुकानातली बाई 'हा' करून ओरडली. शोभाक्कांनी झडप घालून रोटी सुलटी केली. तिथं रोटी पालथी ठेवणं फार वाईट समजतात. सर्जेराव इतका घाबरला की पुढं तासभर त्यानं कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलला.

मग बाई बोलत्या झाल्या, शोभाक्का मराठीत सांगत गेल्या. पूर्वी त्यांचा देश बाहेरून येणाऱ्या मालावर फार थोडी जकात घ्यायचा. चीन शेजारी. बाई ट्रक भरून चिनी बूट आणायच्या आणि कझाक, उझबेक, रशियन व्यापारी ते इथून उचलून न्यायचे. बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. मग देश संघात गेला. संघाचा नियम असा की पाचही देशांभोवती एकच कुंपण, आणि बाहेरच्या मालाला सगळीकडं एकच जकात. किर्गिझस्तानची जकात वाढली, चिनी बूट महागले, गिऱ्हाईक पांगलं. त्यांच्या गल्लीतले कितीतरी डबे बंद झाले.

"आणि आता?" मी विचारलं.

आता त्या बुटांऐवजी मुख्यतः कपडे विकतात, सोबत थोड्या चपला. स्वतःचा शिवणकारखाना काढला. इथं शिवलेला झगा मॉस्कोत जातो तेव्हा मध्ये कुणी जकात मागत नाही, कारण तो कुंपणाच्या आतला. त्यांचा भाऊ मॉस्कोत बांधकामावर आहे, त्याला आता कामाचा वेगळा परवाना काढावा लागत नाही.

शोभाक्का हसत म्हणाल्या, "एजे म्हणत्यात, संघानं माजं बूट काडून घेतलं आणि माज्या भावाला काम दिलं. म्हनून मी सकाळी शिव्या देतो आणि संध्याकाळी दुवा देतो."

मला राहवलं नाही. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, आमच्या गावाच्या वेशीवर पूर्वी जकात नाका होता. ट्रक थांबायचे, ड्रायव्हर झोपायचे, कांदे सडायचे. नाके गेले आणि ट्रक सुसाट सुटले. पण पेट्रोलचं तसं नाही. कर्नाटकात ते स्वस्त म्हणून आमचे लोक कागलच्या पुढं हद्द ओलांडून टाकी भरायला जातात. जाताना जेवढं जळतं तेवढंच वाचतं, पण वाचवल्याचं समाधान मोठं! शोभाक्का हे सगळं रशियनमध्ये सांगत होत्या की नुसतंच "हा माणूस असाच आहे" म्हणत होत्या, कोण जाणे. पण बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

सर्जेरावनं मात्र नेमकं उचललं. "म्हंजी दाजी, आत एकदा शिरलं की पार बेलारूसच्या मिन्स्कपातूर बिनबोभाट. पर शिरायला दार एकच."

त्या दाराचं नाव तपासणीचा शिक्का. चप्पल टिकते का, रंग उतरतो का, हे एका प्रयोगशाळेनं बघायचं आणि कागद द्यायचा. तो कागद मिळाला की माल पाचही देशांत विकायला मोकळा. बाईंनी साधा जोड घालून बघितला, खूश झाल्या. मग सर्जेरावनं वाजणारा जोड काढून त्यांच्या समोरून तीन फेऱ्या मारल्या. बाईंनी काळजीनं विचारलं, "याचा पाय दुखतोय का?"

## तपासणी

प्रयोगशाळा खासगी, एका जुन्या इमारतीत. लांबच लांब दगडी फरशीचा बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं. आमच्या वाट्याला आला तो रुस्लान नावाचा तपासनीस. सडपातळ, हळू आवाजाचा, आपल्याच ऑफिसात पाहुण्यासारखा वावरणारा. येणारे-जाणारे त्याच्या टेबलावरचा पेन उचलून न्यायचे आणि तो काही बोलायचा नाही.

त्यानं चप्पल ओढली, वाकवली, भिजवली, घासली. सगळ्यात पास. मग वाजवली आणि कपाळाला आठी घातली.

"दोष हाय म्हणतोय," शोभाक्का म्हणाल्या. "आवाज येतोय, म्हंजी आत कायतरी सुटलंय. ही अशी न्हाय पास हुणार."

मला वाटलं सर्जेराव हिरमुसेल. कसला! संध्याकाळभर तो विचारमग्न होता आणि मग त्याचा चेहरा उजळला. "दाजी, चूक आपलीच हाय. आवाज अर्धवट हाय ओ. हितली हवा कोरडी, कातडं आकसलं. अर्धवट आवाज कुणालाबी दोषच वाटणार. त्याला एकदा भरगच्च ऐकीवला की गडी वरमतोय बघा."

हे फक्त आमच्याकडचाच माणूस बोलू शकतो. पाहुणा म्हणाला रस्सा तिखट लागतोय, की आमचा यजमान म्हणतो, थांबा, नीट तिखट लागला नाही वाटतं, आणि वाटी भरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीच्या मागच्या अंगणात त्यानं एक जोड उसवला, जवळची बियांची पुडी सोडली आणि महादूमामांच्या मापाच्या तिप्पट बिया भरून तळ परत शिवला. घालून चालला तेव्हा शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत गेलं.

दुपारी हा जोड रुस्लानच्या टेबलावर. त्यानं एकदाच वाकवला. मग काही न बोलता धारदार पातं घेतलं आणि तळ चिरला.

बिया टेबलावर सांडल्या. घरंगळल्या. काही खाली पडून खोलीभर पळाल्या. रुस्लान एक पाऊल मागं सरला, त्यानं हातमोजे घातले आणि फोन लावला.

"काय झालं अक्का?"

शोभाक्कांचा चेहरा उतरला होता. "बियाणं आणलंय म्हणतोय. भाईरच्या देशातलं बियाणं संघात आणायचं तर रोपांच्या रोगराईचा वेगळा दाखला लागतोय. हा आता चपलंचा माल न्हाय. शेतमाल झाला."

सर्जेराव लालबुंद झाला. "चपलंला शेतमाल म्हणतोय? मग आता सातबारा मागंल की ह्यो! आणि त्यात इहीर हाय का इचारंल!"

मी खाली वाकून बिया वेचत होतो. हातमोजेवाला रुस्लान, गुडघ्यावर मी, आणि दारात डोकावणारे चार लोक. इतक्या वर्षांत कुठल्याच मैदानात माझी अशी दशा झाली नव्हती.

बिया जप्त करून आम्हाला सोडलं, तेव्हा बाहेर थांबलेल्या गुलनाराबाईंनी सर्जेरावच्या पाठीवर थाप मारली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. साधी चप्पल पास आहे. वाजणारी सोड. साध्या चपलांची अख्ख्या हंगामाची ऑर्डर आत्ता देते.

सर्जेराव बॅग उचलून टॅक्सीकडं चालू लागला. टॅक्सीत मी म्हटलं, "अरे, घे की. एवढी मोठी ऑर्डर."

"साधी कोणबी करतंय दाजी," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आज मी दिली, उद्या दुसरा दील. आणि घरी जाऊन मामास्नी काय सांगू? पाच देशांत विचारून आलो, तुमचं काम कुणालाच नको, असं?"

मी गप्प बसलो. शोभाक्का म्हणतात, तो प्रवासातला सगळ्यात मोठा चमत्कार होता. बाईंकडून त्यानं दोन दिवस मागून घेतले.

## चोंग-केमीन

त्या दोन दिवसांत बाईंनी आम्हा दोघांना आणि शोभाक्कांना सासरी नेलं. सासू-सासरे उन्हाळ्यात मेंढरं घेऊन चोंग-केमीनच्या डोंगरात राहतात. रस्ता चू नदीच्या काठाकाठानं जातो. डाव्या हाताला नदी, पलीकडं कझाकस्तान. मधे तारेचं कुंपण. पलीकडचं गवत आणि अलीकडचं गवत सारखंच वाळलेलं.

"एजे, हितनं चप्पल फेकली तर?" सर्जेरावनं विचारलं.

बाई म्हणाल्या, मालाला संघ आहे, माणसाला अजून पासपोर्ट आहे. चप्पल फेकलीस तरी आणायला तुला शिक्का मारून जावं लागेल. आणि शिक्क्याच्या रांगेत नेहमी तुझ्यापुढं एक आजी असते, जिच्या पिशवीत पासपोर्ट सोडून सगळं असतं.

डोंगरात पोचलो आणि शब्द संपले. माझे संपले म्हणजे विचार करा. हिरव्या उतारावर नमद्याचा, म्हणजे लोकर थापून केलेल्या जाड कापडाचा, पांढरा गोल तंबू, सुटी घोडी, वर बर्फ. त्या तंबूत एकही खिळा नाही, नुसत्या लाकडी जाळ्या आणि दोऱ्या. मी सगळीकडून हात लावून बघितला. व्यवसायबंधूंना मनापासून सलाम.

पहिल्यांदा आलं कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. सर्जेरावनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ताकानं पळून जाऊन लगीन केलंय दाजी, आणि घरच्यास्नी आत्ता कळलंय." तरी वाटी संपवली. रिकामी दिसली म्हणून त्यांनी परत भरली. ती संपवली. परत भरली. आपल्यासारखीच माणसं!

मग एका ताटात, माझ्यासमोर, मेंढराचं अख्खं उकडलेलं मुंडकं. मानाच्या पाहुण्याला ते देतात. शोभाक्का घाईनं म्हणाल्या, "पावणं, घाबरू नका, थोडंसं कापून बाकीच्यास्नी वाटायचं असतंय." घाबरायचं काय त्यात? मुंडी! कोल्हापुरात मुंडीसाठी आम्ही सकाळी लवकर उठतो. शेजारी सर्जेराव तर हेव्यानं काळवंडला होता. वाटावाटीपर्यंत त्याला दम निघाला नाही. त्यानं मुंडकं माझ्यापुढून ओढलं, हाताच्या एका फटक्यात कवटी उघडली आणि भेजा वाटीत काढला. मग गुलनाराबाईंच्या सासूबाई मांडीवर हात मारून अशा हसल्या की बाहेरची घोडी दचकली. मटणाला नुसतं मीठ होतं. सर्जेरावनं खिशातून चटणीची पुडी काढून भुरभुरली. पुढचा पाव तास सगळे आळीपाळीनं शिंकत होते आणि परत मागत होते.

याच वेळी बाईंचे सासरे असानबेक आले, म्हाताऱ्याचं घोडं दारात थांबलं. म्हातारा खोगिरावरून उतरला आणि आवाज आला.

कर्र.

सर्जेरावच्या हातातलं हाड गळालं. तो उठला, बाहेर गेला आणि घोड्याच्या खोगिराला कान लावून उभा राहिला. खोगीर दाबायचा, ऐकायचा. दाबायचा, ऐकायचा. घोड्यानं मान वळवून त्याच्याकडं जसं बघितलं तसं माझी बायको माझ्याकडं बघते.

"दाजी, बिया न्हाईत ह्याच्यात! कातड्यावर कातडं घासतंय नुसतं. वाळकं कातडं!"

टेकडीवर चढून फोनला रेंज मिळवली आणि त्यानं महादूमामांना गाठलं. स्पीकरवर मामांचा आवाज अख्ख्या दरीत घुमला.

"व्हय की! माझा बा पट्टीचीच करायचा. वाळक्या कातड्याची पट्टी मधी घालायची. त्यो आवाज खरा. बिया म्हंजी घाईची रीत."

"मग मामा, आजवर सांगितलं का न्हाई?"

"तुमीच लवकर पायजे लवकर पायजे म्हणून डोसक्यावर बसतासा! पट्टी दमानं वाळवाय लागती. इचारलं कुठं कुणी?"

असानबेक म्हाताऱ्यानं खोगिराचा एक जुना, लाकडासारखा कडक झालेला पट्टा कापून दिला. सर्जेराव तंबूच्या दारात बसला, त्यानं जोड उसवला, पट्टी बसवली, शिवला. म्हातारा तो घालून गवतावरून चालला. आवाज नाही. परत चालला. नाही. सर्जेरावच्या तोंडचं पाणी पळालं. मग शोभाक्का ओरडल्या, "आवं, गवतावर कसा वाजंल? फरशी पायजे!" त्या अख्ख्या डोंगरात फरशी नाही. शेवटी म्हाताऱ्याला धरून बाईंच्या टेम्पोच्या मागच्या हौद्यात चढवलं. तिथल्या फळ्यांवर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छाती काढून चालला.

कर्र. कर्र. कर्र.

मी तिथल्या तिथं हात वर करून घोषणा केली, "चप्पल कोल्हापूरची, आवाज किर्गिझस्तानचा!" तीन मेंढ्या आणि आम्ही सगळ्यांनी ती ऐकली.

बाई मात्र व्यापारी. त्या म्हणाल्या, आता बी नाही, कातडंच आहे, आणि चप्पल मुळात कातड्याचीच. पण रुस्लाननं कागदावर आवाजाला दोष लिहिला तर मी घेणार नाही. त्यानं दोष नाही, गुण आहे असं लिहिलं तर अर्धी ऑर्डर वाजणाऱ्यांची.

म्हणजे महादूमामांचा पाट आता रुस्लानच्या पेनावर होता. आणि तो पेनसुद्धा कुणीतरी उचलून नेलेला असण्याची शक्यता होती.

## पुन्हा तोच बोळ

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. कागद मिळाला. त्यावर, शोभाक्कांनी वाचून दाखवल्याप्रमाणे, 'चालताना आवाज होणे हे मालाचे जाहीर वैशिष्ट्य' असं लिहिलं आहे. महादूमामांचा पाट सुरू आहे, कातड्याच्या पट्ट्या कारखान्याच्या छपरावर वाळताहेत आणि मामा आता कुणी लवकर मागितलं तर पाठ फिरवून बसतात. पण कागद कसा मिळाला हे बघायला आम्ही होतो, म्हणून सांगतो.

रुस्लाननं तळ चिरून बघितला. कातडं. अजून चिरलं. कातडंच. बी नाही. त्याला बरं वाटलं. मग त्यानं दुसरी चप्पल टेबलावर वाकवली, कर्र झालं, आणि त्याची ती आठी परत आली. पेन कागदाकडं निघाला.

सर्जेराव, ज्याला परक्याशी बोलताना घाम फुटतो तो सर्जेराव, टेबलावर हात आपटून म्हणाला, "अक्का, सांगा त्याला! ही काय टेबलावर ठेवून बघायची वस्तू हाय? पायात घाल म्हणावं! दहा पावलं चाल म्हणावं, मग काय लिव्हायचं ते लिव्ह!"

आम्ही पट्टी घातलेला अजून एक जोड पुढं केला. रुस्लाननं बूट काढले. पायमोज्यांसकट चप्पल चढवली आणि बोळात निघाला. दगडी फरशी, उंच छत. कर्र. त्यानं दचकून इकडं-तिकडं बघितलं. कर्र. कर्र.

पहिल्या दारामागं गप्पा चालल्या होत्या त्या थांबल्या. दुसऱ्या खोलीत कुणीतरी घाईघाईनं खुर्ची सरकवली आणि संगणकाची बटणं खडखडू लागली. तिसऱ्या दारातून एक माणूस तोंडातलं गिळत बाहेर आला, रुस्लानला बघूनही सवयीनं सरळ उभा राहिला आणि त्यानं खिशातला पेन काढून त्याच्या हातात दिला. रुस्लानची चाल बदलली. खांदे मागं गेले. बोळाच्या टोकाला पोचल्यावर तो थांबला आणि कुणी सांगितलं नसताना परत फिरला. आता सावकाश. दर पावलाचा आवाज पुरता होऊ देत.

बोळाच्या या टोकाला, आम्ही उभे होतो तिथून समोरच, मोठ्या बाईंची खोली. या बाई म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या वरच्या. त्यांच्या खोलीसमोरून जाताना लोक श्वास धरून जातात, असं शोभाक्का सांगत होत्या. दार अर्धं उघडं होतं. आत त्या चहा पीत होत्या. कर्र, कर्र जवळ आलं तसा त्यांनी कप ठेवला, कोटाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि ताडकन उभ्या राहिल्या.

दारात रुस्लान. पायमोज्यांवर कोल्हापुरी.

बाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग पायांकडं, मग स्वतःच्या रिकाम्या खुर्चीकडं. आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं, ते शोभाक्कांनी हसू दाबत जसंच्या तसं आम्हाला सांगितलं:

"पण मी कशाला उभी राहिले?"